शाळेत राहायला आलेले कलावंत : शांतिनिकेतन ते सेवाग्राम

१/
शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याच्या एक-दोन तासिका ‘चित्रकला’ या नावावर असतात. परीक्षा जवळ आली की गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक त्या मागून घेतात, आणि त्याविषयी सहसा कोणी तक्रारही करीत नाही. कलेला शाळेत मिळालेले हे दुय्यम स्थान आपोआप आलेले नाही. त्याला इतिहास आहे. ते स्थान नाकारून थेट कलावंतांनाच शाळेत राहायला बोलावणाऱ्या एका प्रयोगालाही इतिहास आहे. तो प्रयोग बंगालमधील शांतिनिकेतनात सुरू झाला आणि त्याची एक वाट विदर्भातील सेवाग्रामपर्यंत आली.

२/
प्रारंभ एकोणिसाव्या शतकापासून करावा लागतो. मद्रास येथे १८५० मध्ये, कलकत्त्यात १८५४ मध्ये आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये कलाशाळा निघाल्या. या संस्थांपुढील हेतू मुख्यतः औद्योगिक होता. अचूक रेखाटन करणारे ड्राफ्ट्समन तयार करायचे होते आणि देशी कारागिरांच्या हाताला पाश्चात्त्य वळण लावायचे होते.

३/
लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे घडलेली अभ्यासपद्धती त्यासाठी येथे आली. छापील नमुन्यावरून रेषा उतरवायची, भौमितिक आकृत्या घोटायच्या, प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाश गिरवायचा, असा तिचा क्रम होता. शालेय ड्रॉईंगही याच मुशीतून घडले. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना आजही परिचित आहेत.

४/
या पद्धतीचे श्रेय नाकारता येत नाही. ग्रेड परीक्षांमुळे लहान गावांतील मुलांच्या हातीही पेन्सिल आणि रंगपेटी आली. मात्र तिच्यात एक मोठी उणीव होती. मुलाला चित्राचा नमुना दिसे, चित्र काढणारा माणूस दिसत नसे. काढलेली रेषा चित्रकार का पुसतो, एका रंगापाशी तो दिवसभर का अडून बसतो, बिघडलेले काम पुन्हा कसे हाती घेतो, यातले काहीच मुलाच्या डोळ्यांसमोर घडत नसे.

५/
२२ डिसेंबर १९०१ रोजी रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतन येथे अवघ्या पाच विद्यार्थ्यांसह ब्रह्मचर्याश्रम ही शाळा उघडली. शाळेच्या चार भिंतींचा जाच त्यांनी बालपणी स्वतः सोसला होता. त्यामुळे या शाळेत वर्ग झाडांखाली भरत, ऋतूंचे उत्सव अभ्यासाचा भाग असत आणि गाणे हा दिनक्रमाचा भाग असे.

६/
या शाळेत कलावंत टप्प्याटप्प्याने आले. चित्रकार असितकुमार हालदार १९११ पासून काही वर्षे तेथे कला शिकवीत होते. रवींद्रनाथांच्या गाण्यांच्या चाली जपणारे दिनेंद्रनाथ ठाकुर मुलांना गाणी शिकवीत. शास्त्रीय संगीताच्या अध्यापनासाठी भीमरावशास्त्री हे मराठी पंडितही तेथे होते. विशेष हे, की ही मंडळी तासापुरती येऊन परत जाणारी नव्हती. ती तेथेच राहत आणि तेथेच आपले काम करीत.

७/
१९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले. थोड्याच काळात त्याची धुरा नंदलाल बसू यांच्याकडे आली. अवनींद्रनाथ ठाकुरांचे हे शिष्य तोवर कलकत्त्यात नामांकित चित्रकार झाले होते. चित्रांचे ग्राहक, प्रदर्शने व समीक्षक असलेले शहर सोडून ते बीरभूमच्या लाल मातीत राहायला गेले आणि १९५१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले.

८/
कलाभवन ही मोठ्या विद्यार्थ्यांची संस्था, शाळा लहानांची. परंतु दोन्ही एकाच परिसरात होत्या. वसंतोत्सवाची सजावट, नाटकांचे नेपथ्य, वेशभूषा, अंगणातील आलपना ही सगळ्यांची सामायिक कामे असत. बंगाली घरांत स्त्रिया तांदळाच्या पिठाने जी आलपना रेखाटत, ती शिकवण्यासाठी सुकुमारी देवी यांना कलाभवनात मानाचे स्थान मिळाले. घरातील बाईची कला येथे प्रथमच अभ्यासाचा विषय झाली.

९/
१९३० मध्ये रवींद्रनाथांचे ‘सहज पाठ’ हे बालवाचनाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे नंदलाल यांची आहेत. काळ्या-पांढऱ्या ठसठशीत आकारांची ही छापचित्रे आजही बंगाली मुलांच्या अक्षरओळखीशी जोडलेली आहेत. देशातील अग्रगण्य चित्रकाराने पहिल्या इयत्तेच्या पुस्तकासाठी ठसे कोरणे त्याला कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१०/
‘कलावंत’ कोणाला म्हणायचे, हा प्रश्नही येथे नव्याने सोडवला गेला. ओल्या चुन्यावर रंगवण्याची राजस्थानी पद्धत शिकवण्यासाठी नंदलाल यांनी जयपूरहून नरसिंगलाल या कारागिराला बोलावले. ज्याला इतरत्र ‘मिस्त्री’ म्हटले असते, त्याच्या हाताखाली चित्रकला शिकलेले तरुण भिंत घासू लागले. त्या काळी ग्रंथालय असलेल्या ज्या इमारतीवर ही चित्रे उमटली, तेथे शाळेच्या मुलांचा रोजचा वावर असे.

११/
नृत्याची कथा अधिक धाडसाची आहे. नोव्हेंबर १९१९ मध्ये सिल्हटच्या परिसरात रवींद्रनाथांनी मणिपुरी नृत्य पाहिले आणि ते आपल्या मुलांना शिकवायचेच, असे ठरवले. त्रिपुराच्या महाराजांच्या साहाय्याने बुद्धिमंत सिंह हे नृत्यगुरू शांतिनिकेतनात आले. भद्र समाजात नृत्याविषयी मोठा संकोच होता. म्हणून आरंभी ते मुलांना मृदंगाच्या ठेक्यावरील लयबद्ध व्यायाम म्हणून शिकवले गेले.

१२/
पुढे १९२६ च्या सुमारास मणिपुरी गुरू नवकुमार सिंह आले. त्याच वर्षी ‘नटीर पूजा’ हे नाटक शांतिनिकेतनात झाले. बुद्धभक्त राजनर्तकी श्रीमतीची भूमिका नंदलाल यांची कन्या गौरी हिने केली आणि नाटकाच्या परमोच्च क्षणी तिने नृत्य केले. १९२७ च्या आरंभी प्रयोग कलकत्त्याला नेताना टीका होणार, हे उघड होते. त्या प्रयोगासाठी रवींद्रनाथांनी भिक्षू उपाली हे पात्र नव्याने लिहिले आणि ते स्वतः त्या भूमिकेत रंगमंचावर आले.

१३/
या घटनेचा अर्थ नीट पाहावा. एका दूरच्या प्रांतातील गुरू शाळेत येतो आणि सहा-सात वर्षांत सुशिक्षित घरातील मुलगी जाहीर रंगमंचावर नाचू शकते. मुलींसाठी मान्य-अमान्य काय, ही समाजाने आखलेली रेषा शाळेत राहणाऱ्या एका कलावंतामुळे सरकली. केवळ पाठ्यपुस्तकाच्या बळावर ती सरकली असती, असे म्हणणे कठीण आहे.

१४/
१९२५ मध्ये बांकुड्याहून एक गरीब तरुण कलाभवनात आला: रामकिंकर बैज. तो पुढे तेथेच शिक्षक झाला. कांस्य परवडणारे नव्हते, म्हणून त्याने सिमेंट आणि तांबडी खडी यांचे मिश्रण हाताने थापून उघड्या मैदानात शिल्पे उभारली. १९३५ मधील ‘सुजाता’ पाहून रवींद्रनाथांनी सारा परिसर अशा शिल्पांनी भरून टाकण्यास सांगितले, अशी आठवण रामकिंकर सांगत.

१५/
१९३८ मधील ‘संथाळ कुटुंब’ हे त्यांचे शिल्प आजही तेथे उभे आहे. कामाच्या शोधात निघालेले आईबाप, मूल, सामान आणि सोबत कुत्रा, असा त्याचा विषय आहे. ते संग्रहालयात मांडलेले नाही. ते वाटेवर आहे. ज्या संथाळ माणसांना मुले रोज रस्त्याने जाताना पाहत, तीच माणसे देवतांच्या मूर्तींहून मोठ्या आकारात घडताना त्यांनी पाहिली. शिल्प कोणाचे घडवावे, याविषयीचा हा धडा शब्दांविना दिला गेला.

१६/
या साऱ्या प्रयोगाचे मोल एका मुलाच्या चरित्रातून सर्वाधिक स्पष्ट होते. विनोदबिहारी मुखर्जी यांचा जन्म १९०४ चा. जन्मापासून एका डोळ्याची दृष्टी नव्हती आणि दुसऱ्याने फार अंधूक दिसे. अशा मुलाला नेहमीच्या शाळेत स्थान नव्हते. १९१७ मध्ये तो शांतिनिकेतनच्या शाळेत आला आणि दोन वर्षांनी नव्या कलाभवनाचा विद्यार्थी झाला. ज्याला फळ्यावरचे दिसत नाही, त्याने चित्रकार व्हावे, ही गोष्ट कोणत्याही ग्रेड परीक्षेच्या चौकटीत बसली नसती.

१७/
विनोदबिहारींनी १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे भव्य भित्तिचित्र साकारले. के. जी. सुब्रह्मण्यन, लीला मुखर्जी यांसारखे विद्यार्थी त्यांच्यासोबत राबत होते. अंधूक दिसणारा हा शिक्षक भिंतीला जवळजवळ डोळा लावून काम करीत होता आणि विद्यार्थी ते पाहत शिकत होते. १९५६ मध्ये शस्त्रक्रियेनंतर त्यांची उरलेली दृष्टीही गेली. तरीही कागदाचे कातरकाम, मातीच्या लहान आकृत्या आणि अखेरीस फरशांचे एक भित्तिशिल्पही त्यांनी केले. त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला.

१८/
येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. रवींद्रनाथांसारखा जगप्रसिद्ध कवी पाठीशी असलेल्या शाळेला हे जमले. इतरांचे काय? शिवाय शांतिनिकेतनालाही ते सहज परवडत नव्हते. संस्थेसाठी निधी जमवीत वृद्ध कवी गावोगाव नाटकांचे प्रयोग करीत फिरे. १९३६ मध्ये दिल्लीत असताना ही दगदग पाहून गांधीजींनी साठ हजार रुपयांची देणगी मिळवून दिली आणि दौरा थांबवण्याची विनंती केली.

१९/
त्याच वर्षी कलाभवनाचे माजी विद्यार्थी सुधीर खास्तगीर देहरादूनच्या नव्या दून स्कूलमध्ये कलाशिक्षक म्हणून रुजू झाले आणि सुमारे वीस वर्षे तेथे राहिले. काम करणारा शिल्पकार-चित्रकार शाळेच्या आवारातच राहील, ही कल्पना आता बंगालबाहेर गेली होती. पण ती गेली श्रीमंतांच्या शाळेत. गरिबाच्या मुलाच्या वाट्याला असा कलावंत येणार होता का?

२०/
गांधीजींचा आणि शांतिनिकेतनचा संबंध जुना होता. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमाची मुले भारतात आल्यावर १९१४-१५ मध्ये तेथे राहिली होती. काका कालेलकर त्या वेळी तेथेच होते आणि गांधीजींशी त्यांची भेट तेथेच झाली. पुढे डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींनी सजावटीचे काम नंदलाल यांच्यावर सोपवले. अट एकच: सामग्री स्थानिक आणि साधी हवी. बांबू, गवत, टोपल्या यांतून अधिवेशनाचे नगर उभे राहिले.

२१/
ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हस्तव्यवसाय केंद्रस्थानी असलेल्या ‘नई तालीम’चा आराखडा दिला. त्यात चित्रकला आणि संगीत यांचाही समावेश होता. सेवाग्राममध्ये या कामाची सूत्रे ज्या आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने सांभाळली, ते दोघेही पूर्वी शांतिनिकेतनात होते. दोन परंपरांची गाठ तेथेच पडली होती.

२२/
१९४४ मध्ये सेवाग्रामला एक तेवीस वर्षांचा तरुण कलाशिक्षक म्हणून आला. त्याचे नाव देवीप्रसाद. जन्म देहरादूनचा, शिक्षण कलाभवनातले, नंदलाल, विनोदबिहारी आणि रामकिंकर यांच्या सहवासातले. ज्या देहरादूनमध्ये खास्तगीर संपन्न घरांतील मुलांना शिकवीत होते, तेथला हा मुलगा वर्ध्याजवळच्या खेड्यात मुलांसोबत राहायला आला. तेथेच त्याने कुंभारकामाचा ध्यास घेतला आणि पुढे देशातील अग्रणी कुंभार-कलावंतांत त्याची गणना झाली.

२३/
त्याच्यापुढील पेच अवघड होता. नई तालीमच्या आराखड्यात मुलांच्या उत्पादक श्रमातून शाळेचा खर्च शक्य तितका भागावा, ही अपेक्षा होती. सूत किती कातले, हे मोजता येते. मुलाने काढलेल्या झाडाचे मोजमाप कसे करणार? विकले न जाणारे चित्र काढण्यात गेलेला वेळ गरीब शाळेने कोणत्या खात्यावर लिहायचा? रवींद्रनाथांचा आनंद आणि गांधीजींचा श्रम एकाच वर्गात नांदू शकतात का, याची खरी परीक्षा सेवाग्रामात होती.

२४/
देवीप्रसादांचे उत्तर त्यांच्या ‘शिक्षा का वाहन : कला’ या ग्रंथात विस्ताराने आले आहे. कला हा अनेक विषयांपैकी एक विषय नसून सर्व शिक्षणाचे वाहन आहे, ही त्यांची मूळ मांडणी. मुलाचे चित्र मोठ्यांच्या मापाने तपासू नये, नमुना देऊन त्याची नक्कल करवू नये, वयाबरोबर त्याची चित्रभाषा कशी बदलते ते शिक्षकाने समजून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. घडवण्याची सवय लागलेला माणूस विध्वंसाकडे सहजी वळत नाही, म्हणून कलाशिक्षण हा त्यांच्या लेखी अहिंसेचा पाया होता.

२५/
ही केवळ शब्दांची आरास नव्हती. सुमारे अठरा वर्षे सेवाग्रामात काढून १९६२ मध्ये देवीप्रसाद लंडनला गेले आणि युद्धविरोधी चळवळीच्या ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या संघटनेचे सरचिटणीस झाले. मातीचे भांडे, मुलाचे चित्र आणि युद्धाला नकार हे त्यांच्या दृष्टीने एकाच धाग्यातले मणी होते. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

२६/
मग हे सारे देशभरातील शाळांत का रुजले नाही? स्वातंत्र्यानंतर अनेक राज्यांनी मूलोद्योगी शाळा काढल्या. टकळी आली, हातमाग आला, तासिका आली. पण ज्याच्या हातात ते कौशल्य मुरले आहे असा माणूस बहुतेक ठिकाणी आला नाही. प्रशिक्षणाचा छोटा अभ्यासक्रम पुरा केलेल्या शिक्षकावर ते काम सोपवले गेले. नमुना आला आणि घडवणारा राहून गेला. साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीत जी उणीव होती, तीच स्वदेशी रूपात परत आली.

२७/
याला केवळ सरकारी अनास्था कारण नाही. कलावंत शाळेत आणणे ही मुळातच गैरसोयीची गोष्ट आहे. त्याचे काम तासिकेच्या घंटेबरोबर संपत नाही. त्याच्याकडे पदवी असेलच असे नाही, आणि पदवी नसलेल्याला वेतनश्रेणीत बसवण्याची सोय नसते. नरसिंगलाल, बुद्धिमंत सिंह किंवा सुकुमारी देवी यांपैकी एकालाही आजच्या शिक्षक भरतीचा अर्ज भरता आला असता का, हा प्रश्न विचारून पाहावा.

२८/
२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात स्थानिक कलाकार व कारागिरांना शाळांनी मार्गदर्शक म्हणून बोलवावे, असे म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्यासोबत काम शिकावे, अशीही तरतूद आहे. कागदावर हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र दहा दिवसांची ओळख आणि अनेक वर्षांचा सहवास यांत जे अंतर आहे, तेच या इतिहासाचे सार आहे.

२९/
शांतिनिकेतनच्या शाळेत शिकलेली बहुतेक मुले चित्रकार झाली नाहीत, सेवाग्रामची तर नाहीतच. तो उद्देशही नव्हता. एखादी गोष्ट मनासारखी होईपर्यंत माणूस कसा झटतो, चुकतो, मोडतो आणि पुन्हा उभारतो, हे त्यांनी लहानपणी जवळून पाहिले. हे पाहण्याचा हक्क देहरादूनच्या मुलाला आहे तितकाच वर्ध्याच्या मुलालाही आहे, एवढीच सेवाग्रामची मागणी होती. ती अजून पुरी झालेली नाही.

३०/
पुढच्या वेळी चित्रकलेची तासिका गणिताला दिली गेल्याचे कानावर आले, तर अंधूक डोळ्यांचा तेरा वर्षांचा विनोदबिहारी आठवावा. त्याच्यासाठी ती तासिका कधीच पुरेशी ठरली नसती. त्याला शाळेत राहणारे नंदलाल हवे होते, आणि ते त्याला मिळाले.